पांढरे ठिपके औषधाने जातात आणि पुन्हा येतात: ऑस्कर, अरोवानाच्या जिवंत खाद्याची तपासणी

ऑस्कर किंवा अरोवानासारखे मोठे शिकारी मासे पाळणाऱ्यांना एक त्रास हमखास भोगावा लागतो. माशाच्या परांवर आणि कल्ल्यांच्या झाकणावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उमटतात, मासा दगडावर अंग घासू लागतो, मीठ आणि औषध घातल्यावर आठ-दहा दिवसांत अंग स्वच्छ होते आणि महिना-दीड महिन्याने तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. दर वेळी औषधाची कंपनी बदलली जाते, हीटर बदलला जातो, नळाच्या पाण्याला दोष दिला जातो. माझ्याकडे कोल्हापुरात चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत दोन ऑस्कर आहेत, आणि हे सर्व मी सात महिन्यांत चार वेळा केले आहे. दोष औषधात नव्हता आणि पाण्यातही नव्हता. रविवारी बाजारातून पिशवीत भरून आणलेल्या जिवंत खाद्याबरोबर मी स्वतःच रोग घरी आणत होते.

हे लक्षात आले ते एका साध्या वहीमुळे. खाद्य कधी आणले, पाणी कधी बदलले आणि ठिपका प्रथम कधी दिसला, एवढ्याच तीन नोंदी मी ठेवत होते. चारही वेळा छोटे गोल्डफिश आणल्यानंतर सहाव्या ते नवव्या दिवसाच्या दरम्यान ठिपके दिसले होते. मध्यंतरी मी बाहेरगावी होते आणि घरच्यांनी पाच आठवडे केवळ गोळी खाद्य घातले, तेव्हा एकही ठिपका उठला नाही. आपल्याकडेही रोग असा फिरून येत असेल, तर औषध विकत घेण्याआधी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या खरेदीच्या तारखा आठवून कागदावर मांडाव्यात. ठिपके आणि खरेदी यांच्यात पाच ते दहा दिवसांचे अंतर पुन्हा पुन्हा सापडले, तर पुढचा शोध खाद्यातच घ्यावा.

या अंतराचे कारण रोगाच्या जीवनचक्रात आहे. पांढरे ठिपके हा इक्थिऑफ्थिरियस नावाच्या एकपेशीय परजीवीचा रोग आहे. तो माशाच्या कातडीखाली वाढतो, पुरेसा वाढल्यावर अंगावरून सुटून तळाशी किंवा काचेवर चिकटतो, तेथे त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले तयार होतात आणि ती पोहत नव्या माशाचा शोध घेतात. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाला ही फेरी साधारण आठवड्याभरात पूर्ण होते. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या अवस्थेवर. कातडीखालच्या परजीवीपर्यंत ते पोहोचत नाही. म्हणूनच ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार आणखी आठवडाभर चालू ठेवावा लागतो. खाद्य म्हणून आणलेल्या माशाच्या कल्ल्यांत दोन-चार परजीवी असले, तर ते बाहेरून दिसत नाहीत. ऑस्करने तो मासा गिळला तरी पिशवीतले पाणी टाकीत गेलेले असते, किंवा चार-दोन मासे फिल्टरच्या मागे लपून दोन दिवस जिवंत राहिलेले असतात. फेरी सुरू व्हायला तेवढे पुरते.

हे लिहिताना विक्रेत्यावर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. खाद्य म्हणून विकले जाणारे मासे स्वस्त असतात, म्हणून ते शेकड्यांनी एका टाकीत दाटीवाटीने राहतात, आणि अशा दाटीत एका माशाचा रोग सर्वांचा व्हायला वेळ लागत नाही. दुकान बदलून हा प्रश्न सुटत नाही. मी दोनदा बदलून पाहिले.

आधी टाकीतला रोग निपटून काढावा. बाहेरचे जिवंत मासे त्याच दिवसापासून बंद करावेत. तापमान दिवसाला एक-दीड अंश या गतीने ३० अंशांपर्यंत न्यावे आणि एअर पंप वाढवावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आयोडीन नसलेले जाडे मीठ लिटरमागे ३ ग्रॅम या हिशेबाने, बादलीत विरघळवून, तीन हप्त्यांत दीड दिवसात घालावे. माझ्या टाकीत दगड-वाळू वजा जाता सुमारे ४०० लिटर पाणी मावते, म्हणजे मीठ १२०० ग्रॅम लागले. ऑस्करला हे सोसते. टाकीत खवले नसलेले रेड-टेल कॅटफिशसारखे मासे असतील, तर मीठ आणि औषध दोन्ही जपून, निम्म्या प्रमाणापासून सुरू करावे. शेवटचा ठिपका गेल्यानंतर सात ते दहा दिवस हेच चालू ठेवावे, एक दिवसाआड तळ सायफनने स्वच्छ करावा आणि पाणी बदलल्यावर तेवढ्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा घालावे.

यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: पुढे घालायचे काय?

ऑस्करला जिवंत मासेच लागतात, ही समजूत मुळात तपासून घेतली पाहिजे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात ऑस्कर छोटे मासे खातो हे खरे, परंतु कीटक, त्यांच्या अळ्या, झिंगे, गोगलगायी हेही त्याचे नेहमीचे अन्न आहे. चंदेरी अरोवानाची तर तोंडाची ठेवणच वर पाहणारी आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेले आणि काठच्या फांद्यांवर बसलेले कीटक व कोळी टिपण्यासाठी तो उडी मारतो. म्हणजे रातकिडे, गांडुळे आणि अळ्या हे या माशांच्या दृष्टीने दुय्यम किंवा नाइलाजाचे खाद्य नाही. शिवाय जमिनीवर वाढलेल्या किड्याबरोबर माशाचा पांढरा ठिपका, लर्निया म्हणजे नांगरकृमी किंवा माशांवरच्या उवा येण्याचा मार्गच उरत नाही, कारण या परजीवींना जगायला पाणी आणि मासा दोन्ही लागतात. सगळ्या बदलात मला हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो.

गोल्डफिशबाबत रोगाखेरीज आणखी एक हरकत आहे. गोल्डफिश आणि सायप्रिनस (कार्प मासा) यांच्या मांसात थायमिनेज नावाचे विकर असते आणि ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. १९३२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका कोल्हेपालन केंद्रावर कच्चे कार्प मासे खाऊ घातलेले कोल्हे लुळे पडून मेले आणि त्या आजारामागचे कारण शोधताना हा दोष उघडकीस आला. शिकारी माशांना महिनोन्महिने फक्त गोल्डफिश घातल्यास भूक मंदावणे, तोल जाणे, झटके येणे अशी लक्षणे दिसू शकतात. गोठवल्याने हे विकर नष्ट होत नाही. त्याला उष्णता लागते. म्हणून फ्रीजरमधला गोल्डफिश रोगाच्या दृष्टीने थोडा बरा असला तरी पोषणाच्या दृष्टीने तितकाच वाईट. जिवंत मासे द्यायचेच असतील, तर गप्पी किंवा मोली द्यावेत, आणि तेही घरी वाढवलेले.

आता हे खाद्य घरी कसे वाढवायचे ते पाहू. मी गांडुळांपासून सुरुवात केली आणि इतरांनाही तेच सुचवीन, कारण गांडुळाला आवाज नाही, नीट ठेवल्यास वास नाही आणि दोन दिवस विसरलो तरी ते माफ करते. येथे जात निवडताना मात्र चूक होते. गांडूळ खतासाठी आपल्याकडे मुख्यतः दोन जाती मिळतात. आयसेनिया फेटिडा ही लालसर, पट्टेदार जात डिवचल्यावर पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडते; माझ्या दोन्ही ऑस्करांनी ती तोंडात घेऊन लगेच थुंकली आणि पुढचे दोन दिवस दुसऱ्या गांडुळाकडेही संशयाने पाहिले. युड्रिलस युजेनी ही जांभळट-तपकिरी, जाड, आफ्रिकी जात त्यांनी पहिल्याच दिवशी गिळली. खत प्रकल्पावरून बियाणे आणताना जातीचे नाव विचारूनच घ्यावे. ‘मासे थुंकतात, गांडूळ चालत नाही’ असे म्हणणाऱ्या अनेकांनी चुकीची जात आणलेली असते.

तळाला भोके पाडलेला, साधारण एक फूट खोल टब घ्यावा. त्यात महिनाभर कुजलेले शेण, भिजवून पिळलेले कोकोपीट आणि वाळका पाला समप्रमाणात भरावा. ताजे शेण तापते आणि त्यातून अमोनिया सुटतो, त्यात गांडुळे मरतात. ज्या जनावराला नुकतेच जंताचे औषध दिले आहे त्याचे शेणही घेऊ नये. माती मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब पाणी यावे, धार लागू नये. भाजीची देठे धुऊन, बारीक चिरून एका कोपऱ्यात पुरावीत. लिंबूवर्गीय साली, कांदा, तेलकट आणि खारट उरलेसुरले घालू नये. पहिले दोन-तीन महिने टबाला हात लावू नये, त्याआधी काढत राहिल्यास संख्या कधीच वाढत नाही. माशांना द्यायची गांडुळे आदल्या दिवशी ओल्या कोऱ्या कागदात ठेवली की पोटातली माती निघून जाते. नाहीतर तीच माती टाकीत पसरते आणि पाणी गढूळ होते.

पावसाळ्यात एक तक्रार नेहमी ऐकू येते, की सकाळी टब रिकामा आणि गांडुळे बाल्कनीभर पसरलेली. टबात पाणी साचले, आच्छादन आंबले किंवा टब नवीन असला की ती बाहेर पडतात. भोके मोकळी आहेत का ते पाहावे, ओलावा वाढला असेल तर फाडलेला पुठ्ठा मिसळावा आणि पहिल्या आठ-दहा रात्री टबावर मंद दिवा चालू ठेवावा. गांडुळांना उजेड नको असतो, त्यामुळे ती आतच राहतात.

रातकिडे वाढवणे थोडे नाजूक आहे, पण अरोवाना असेल तर ते शिकून घेण्यासारखे आहे. सुमारे दोन फूट लांबीची झाकणाची प्लास्टिक पेटी घेऊन झाकणाला मोठी खिडकी कापावी आणि तिला बारीक स्टीलची जाळी लावावी. प्लास्टिकची जाळी ते कुरतडून बाहेर पडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवावेत. खाद्यासाठी गव्हाचा कोंडा, थोडे कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य, गाजर आणि शेवग्याचा पाला पुरतो. किड्यांच्या अंगात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फार कमी असते, आणि शेवग्याच्या पाल्याने ती उणीव काही अंशी भरून निघते, म्हणून माशांना देण्याच्या आधीचे दोन दिवस हा पाला भरपूर घालावा. उपाशी किडा म्हणजे केवळ टरफल. किड्याच्या पोटात काय आहे, तेच शेवटी माशाला मिळते.

पाणी उघड्या वाटीत ठेवू नये, पिल्ले थेंबातही बुडतात. ओला स्पंज ठेवावा. अंड्यांसाठी चार-पाच सेंटिमीटर ओले कोकोपीट भरलेला डबा दोन-तीन दिवस आत ठेवून मग वेगळ्या पेटीत काढावा. सुमारे ३० अंशांना दहा-बारा दिवसांत पिल्ले निघतात आणि सहा ते आठ आठवड्यांत ती पूर्ण वाढतात. नर पंख फुटल्यावरच किर्र आवाज करतात, म्हणून सदनिकेत राहणाऱ्यांनी पंख येण्याआधीच ते खाद्यासाठी वापरावेत. तेव्हा ते मऊही असतात, आणि शेजाऱ्यांची झोपही शाबूत राहते.

माझी पहिली पेटी एका रात्रीत संपली. संध्याकाळी दोनशेच्या आसपास किडे फिरत होते आणि सकाळी सगळे उताणे पडले होते. अन्न, पाणी, तापमान सारे ठीक होते. दोन दिवसांनी उलगडा झाला, की त्या खोलीत डासांचे औषध प्लगला लावलेले होते. डासांना मारणारी ही द्रव्ये बहुधा पायरेथ्रॉइड गटातली असतात, ती प्रत्येक कीटकाला मारतात आणि माशांनाही अत्यंत विषारी असतात. ज्या खोलीत टाकी किंवा रातकिड्यांची पेटी आहे तेथे कॉइल, प्लगचे औषध, फवारा यांपैकी काहीही नको. जाळीच्या खिडक्या आणि मच्छरदाणी यांवर भागवावे. याच कारणासाठी सोयाबीन किंवा ऊस असलेल्या रानातून पकडून आणलेले नाकतोडे आणि स्वयंपाकघरात सापडलेले झुरळ माशाला कधीही देऊ नये. फवारणी कधी झाली, जेल कुठे लावले, हे आपल्याला कळत नाही आणि विष मात्र माशाच्या पोटात पोहोचते.

पेटीला अमोनियाचा झणझणीत वास येऊ लागला तर हवा कमी पडते आहे किंवा विष्ठा ओली होते आहे असे समजावे. किडे एकमेकांचे पाय खाऊ लागले तर दाटी झाली आहे किंवा प्रथिने कमी पडत आहेत. मुंग्यांसाठी आपल्या आजीचाच उपाय चालतो: स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, आणि डास होऊ नयेत म्हणून ते पाणी तीन-चार दिवसांनी बदलावे.

मीलवर्म आणि सुपरवर्म या भुंग्यांच्या अळ्यांना जागा कमी लागते. गव्हाच्या कोंड्याचा दोन इंच थर आणि ओलाव्यासाठी गाजराचा तुकडा एवढ्यावर मीलवर्म पिढ्यान्‌पिढ्या चालतात. कोंडा वापरण्याआधी तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे त्यातले माइट (कोळ्याच्या वर्गातले बारीक जीव) आणि पोरकिडे मरतात. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक पेट्या याच माइटमुळे बसतात. सुपरवर्मविषयी मात्र हमखास विचारले जाते, की अळ्या महिनोन्महिने तशाच राहतात, कोष का होत नाहीत? कारण ही अळी गर्दीत कोष करतच नाही. मोठ्या अळ्या निवडून एकेक अळी वेगळ्या छोट्या डबीत, अन्नाशिवाय, अंधारात ठेवावी. आठ-दहा दिवसांत ती वेटोळे करते, पुढे कोष होतो आणि आणखी दोन-तीन आठवड्यांत भुंगा बाहेर येतो. दहा-बारा भुंगे एकत्र झाले की नवी पिढी सुरू. या दोन्ही अळ्यांत चरबी बरीच असते, तेव्हा आठवड्यातून एकदा पाच-सहा पुरेत.

गप्पींसाठी शंभर लिटरचा टब, स्पंज फिल्टर, दहा माद्या आणि तीन-चार नर एवढे भांडवल पुरते. मादी साधारण चार आठवड्यांनी वीस ते चाळीस पिल्ले देते, त्यांतली काही खाल्ली गेली तरी दोन ऑस्करांना महिन्याला तीस-चाळीस गप्पी मिळत राहतात. डास आवरण्यासाठी विहिरीत, हौदात सोडलेले गप्पी उचलून आणू नयेत. ते सार्वजनिक कामासाठी सोडलेले असतात. नाल्यातले गप्पी तर आणूच नयेत. मूळ जोड्या एकदाच घ्याव्यात आणि सहा आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. या काळात माशाच्या गुदद्वारातून लालसर धागे लोंबताना दिसले तर तो कॅमॅलॅनस कृमी आहे. अशा माशांची पिल्ले खाद्य म्हणून वापरू नयेत. लिटरमागे २ मिलिग्रॅम लेव्हामिसोलचा एक दिवसाचा उपचार करून, सुन्न झालेले कृमी तळातून उपसून काढावेत आणि तीन आठवड्यांनी तोच उपचार पुन्हा करावा. एकदा कळप स्वच्छ झाला की त्यात बाहेरचा एकही मासा, जाळे किंवा पाणवनस्पती घालू नये. टबाचे जाळेसुद्धा वेगळे ठेवावे. मी ते लाल दोऱ्याने ओळखते.

शेवटची अडचण माशाच्या सवयीची. पळणारा मासा खायची सवय लागलेला ऑस्कर गोळी खाद्याकडे पाठ फिरवतो आणि तळाशी रुसून पडून राहतो. निरोगी, पूर्ण वाढलेल्या ऑस्करला पाच-सहा दिवसांच्या उपासाने काही होत नाही; इथे कच खाऊन पुन्हा गोल्डफिश आणण्याची चूक बहुतेकांकडून होते. लहान पिल्लांना आणि आजारातून नुकत्या उठलेल्या माशाला मात्र असे उपाशी ठेवू नये. सहाव्या दिवशी एक गांडूळ द्यावे, त्यावर तो तुटून पडला की त्याच क्षणी दोन-तीन गोळ्या टाकाव्यात. न खाल्लेले दहा मिनिटांत काढून घ्यावे, नाहीतर पाण्यात अमोनिया वाढतो. माझ्या मोठ्या ऑस्करने अकराव्या दिवशी पहिली गोळी गिळली, धाकट्याने त्याचे पाहून तेराव्या दिवशी. आता आठवड्यातले तीन दिवस गोळ्या, दोन दिवस गांडूळ किंवा रातकिडे, एक दिवस गप्पी किंवा अळ्या आणि एक दिवस उपास असा क्रम आहे. वहीतली ठिपक्यांची शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची आहे.